घट्ट बुश आणि सैल तपासणी

गेल्या आठवड्यात आमच्या भागातल्या एका पोराच्या जीपला दंड झाला. मोठे टायर, पुढं लोखंडी बंपर, टपावर दिव्यांची पट्टी. फोटो ग्रुपवर फिरला आणि नेहमीप्रमाणं दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणते, बरं झालं, असल्यांना आतच टाकलं पाहिजे. दुसरी म्हणते, खड्डे बुजवायला पैसे नाहीत आणि पोरांच्या हौसेवर डोळा. दोनशे मेसेज झाले असतील. त्या दोनशेत एकानंही विचारलं नाही, की बाबा, त्या जीपचे पाट्यांचे बुश कसे आहेत?

हसू नका. मी गंभीरपणे लिहितोय.

मी मेकॅनिक नव्हे. बँकेतून निवृत्त झालो आणि १९८९ सालची एक महिंद्रा जीप घेऊन बसलो. घरच्यांच्या मते हा पेन्शनचा दुरुपयोग आहे. पण या जीपनं मला एक गोष्ट शिकवली, ती आधी सांगतो. कायद्याचं त्यानंतर.

बुश म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जीपच्या खाली पाटे असतात, कमानीसारखे वाकलेले. पाट्याचं टोक गोल वळवून त्याचा डोळा केलेला असतो. त्या डोळ्यात बुश बसतो: बाहेर लोखंडी नळी, आत दुसरी बारीक नळी, आणि दोन्हींच्या मधे चिकटवलेलं रबर. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि पाटा चासीला धरला जातो. एवढीच वस्तू, मुठीत मावते. पण अख्खा ॲक्सल, म्हणजे पुढची दोन्ही चाकं, जागेवर राहतात ती या असल्या मूठभर वस्तूंच्या जिवावर.

आता गंमत बघा. या बुशातलं काहीच कशावर घासत फिरत नाही. बाहेरची नळी डोळ्यात घट्ट, हलायची नाही. आतली नळी बोल्टनं दोन पट्ट्यांत आवळलेली, तीही हलायची नाही. पाटा वरखाली होतो तेव्हा मधलं रबर पीळ खातं आणि परत सुटतं. सगळं काम त्या पिळावर. म्हणून बुश डोळ्यात घट्टच बसला पाहिजे. हातानं सरकून आत गेला तर तो बुश नव्हे, खुळखुळा.

आणि घट्ट बसवायचा म्हणजे कष्ट आले. इथंच सगळी गोची आहे.

तीन वर्षांपूर्वी मी चारही पाट्यांचे बुश बदलून घेतले. गॅरेजचं नाव घेत नाही, त्यांचाही धंदा आहे. मी तिथंच स्टुलावर बसून होतो. पोरानं जुना बुश काढायला गॅस कटरची ज्योत थेट डोळ्यावर धरली. रबर पेटलं, काळा धूर, वासानं डोकं उठलं. डोळा लालभडक झाला. मला तेव्हा कळलं नाही, पण पाट्याच्या पोलादाला पाणी दिलेलं असतं आणि असं लाल केलं की ते उतरतं. मग नवीन बुश डोळ्यावर ठेवला आणि घण घातला. वाकडा गेला. काढला, परत ठोकला. कड चेपली, तरी आत गेला. गाडी जॅकवर तशीच, चाकं लोंबकळलेली, आणि त्या अवस्थेत सगळे बोल्ट कचकचून आवळले. ‘काका, आता दहा वर्षं बघायचं काम नाही.’

चौथ्या महिन्यात मी आंबा घाट उतरत होतो. शेजारी बायको, मागं बहीण आणि तिचा मुलगा. एका वळणावर ब्रेक दाबला आणि खालून ‘खट्ट’ आवाज आला. गाडी आपोआप डावीकडं गेली. स्टिअरिंग मी वळवलंच नव्हतं. फार नाही, दीड-दोन फूट गेली असेल. पण घाटात दीड-दोन फूट म्हणजे काय, हे तिथनं गेलेल्याला सांगायला नको. कठड्याच्या बाजूला थांबवली आणि पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

खाली वाकून बघितलं तर पुढच्या डाव्या पाट्याचा, चासीला थेट धरलेल्या टोकाचा बुश फाटलेला. रबराच्या चिंध्या बाहेर. ब्रेक लागला की ॲक्सलची ती बाजू मागं सरकायची, चाक वळायचं. चार महिन्यांत!

मग उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं गेलो. साठी ओलांडलेला माणूस, हयात वडापच्या जीपांखाली गेलेली. बारा माणसांच्या गाडीत अठरा बसवून रोज डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर जाणाऱ्या त्या जीपा ज्यांनी सांभाळल्या, त्यांच्याकडं जी अक्कल आहे ती कुठल्या पुस्तकात नाही. त्यांनी फाटका बुश हातात घेऊन फिरवला आणि एकच प्रश्न विचारला, “बोल्ट हवेत आवळला का जमिनीवर?”

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी माझा हात धरून दाखवलं. एका हातानं मनगट धरलं, दुसऱ्यानं पंजा पिळला. “चाकं लोंबकळती आहेत तवा पाट्याची कमान जास्त असती. तिथं आवळलासा, म्हंजे रबराला वाटतंय हीच आपली सरळ जागा. गाडी खाली ठेवली की कमान दबली, डोळा फिरला, रबराला पीळ पडला. आता गाडी नुसती उभी असली तरी त्ये पिळलेलंच. त्यात वरनं खड्डा. किती दिवस टिकंल?”

किती साधी गोष्ट! बोल्ट हलकेच लावायचे, गाडी जमिनीवर उतरवायची, पुढनं-मागनं चार हेलकावे द्यायचे, वजन आपापल्या जागी बसू द्यायचं आणि मग शेवटचा आवळा. जादा वेळ किती? गाडीखाली सरपटायला लागतो तेवढा. पण गॅरेजवाल्याला पुढची गाडी जॅकवर घ्यायची घाई असते आणि आपल्याला दोनशे रुपये कमी करून हवे असतात. मीही त्या दिवशी घासाघीस केली होती. खोटं कशाला बोलू.

मिस्त्रींनी काम कसं केलं तेही लिहितो, कारण स्वतः जीप बांधणारी बरीच पोरं हे वाचतात.

आधी जुनं रबर ड्रिल मारून सुटं केलं. राहिलेली लोखंडी नळी हॅक्सॉच्या ब्लेडनं आतून चिरली, पण डोळ्याला ओरखडा न जाऊ देता. चिरली की ती आपोआप आक्रसते आणि बाहेर येते. ज्योत नाही, धूर नाही. मग डोळा पॉलिश पेपरनं आतून गंज जाईपर्यंत घासला आणि तोंडाची कड कानशीनं किंचित मारली, म्हणजे नवा बुश सरळ शिरतो. मग व्हर्निअर लावून डोळा तीन दिशांनी मोजला. पाट्याचा डोळा म्हणजे लेथवर कातलेलं भोक नव्हे, पट्टी वळवून केलेला असतो. कधी लंबगोल होतो, कधी उघडलेला असतो. माझा एक डोळा गॅसच्या कृपेनं उघडलेलाच निघाला. तो मुख्य पाटा बदलावा लागला.

मी हुशारी करून बुश रात्रभर डीप फ्रीझरमधे ठेवून नेले होते. कुठंतरी बघितलं होतं की थंड केलं की आकसतो. मिस्त्री हसले. घरी येऊन हिशोब केला. पोलादाची ३५ मिलिमीटरची नळी ४५ अंशांनी थंड केली तर कमी होते सुमारे ०.०२ मिलिमीटर. मदत होते, नाही असं नाही, पण बुश सरकन आत जाईल अशा आशेवर राहू नका. शिवाय फ्रीझर घरच्यांचा असतो.

प्रेसमधे घालताना त्यांनी बुशच्या बाहेरच्या नळीच्या मापाची एक रिंग लेथवर कातून घेतली. जोर पडायचा तो फक्त बाहेरच्या नळीवर. मधल्या नळीवर दाब दिला की रबर तिथंच सुटलं म्हणून समजा. रबराला तेल-ग्रीस नाही, नुसतं साबणाचं पाणी. तेलानं रबर फुगतं. प्रेस नसेल तर जाड आट्याचा रॉड, दोन नट, जाड वॉशर आणि पलीकडून बुश सामावेल एवढा पाइपचा तुकडा घेऊन नट आवळत ओढून घ्यायचा. वेळ लागतो, पण सरळ जातो. आत शिरताना बुश कुरकुरतो, आणि तो आवाज एकसारखा पाहिजे. मधेच थांबला किंवा टणकन वाजला, तर वाकडा चाललाय. तिथंच थांबायचं. घण शोधायचा नाही.

हे सगळं झाल्यावर माझ्या भाच्यानं, जो स्वतः एक जीप उभी करतोय, विचारलं, “मामा, पॉलियुरेथेनचेच घाला की. एकदम टाईट. रबर काय, म्हाताऱ्यांचं काम.” हल्ली सगळ्या पोरांच्या डोक्यात हे बसलंय. टाईट म्हणजे चांगलं, त्याहून टाईट म्हणजे आणखी चांगलं. इथं दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. बुश आपल्या घरात घट्ट बसणं वेगळं आणि बुशचा माल कडक असणं वेगळं. पहिली गोष्ट हवीच. दुसरीचा विचार करावा लागतो. कडक मालाचा बुश रबरासारखा पीळ खात नाही. तिथं आतली नळी बुशात फिरते, म्हणून त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं. ते वाळलं की गाडी जुन्या दारासारखी बोलायला लागते. आणि आतली नळी बुशापेक्षा केसभर लांब असावी लागते, नाहीतर बोल्ट नळीऐवजी बुशलाच आवळून बसतो.

अमेरिकेत हॉट रॉड बांधणाऱ्यांना हा धडा जुना आहे. हॉट रॉड म्हणजे जुनी फोर्ड, बहुतेकदा १९३२ ची, नको तो पत्रा काढून, मोठं इंजिन घालून पळवायला केलेली गाडी. त्या फोर्डला पुढं एकच आडवा पाटा, एक अखंड ॲक्सल, आणि ॲक्सलला मागून धरणारे दोन दांडे, जे मधे एकत्र येऊन एकाच गोळ्यावर टेकायचे. नवं इंजिन-गिअरबॉक्स बसवताना ते मधे येतात, म्हणून पोरं ते दांडे मधून कापून दोन बाजूंना चासीवर लावतात. दिसतं झकास. पण आता एक चाक वर गेलं की ॲक्सलला पीळ पडतो. जुना घडीव ॲक्सल थोडा पिळतो, नळीचा ॲक्सल पिळत नाही. मग तो ताण जातो कुठं? टोकाच्या बुशात. तिथं कडक बुश घातला असेल, तर तो ताण ब्रॅकेटवर आणि वेल्डिंगवर जातो. म्हणून नळीच्या ॲक्सलला जाणकार चार दांड्यांची रचना वापरतात. कुठं किती घट्ट, याचा विचार करणं हीच खरी गाडी बांधणी. बाकी रंगरंगोटी.

त्याच हॉट रॉडवाल्यांची दुसरी गोष्ट आपल्या कामाची आहे. कॅलिफोर्नियात १९३०-४० च्या दशकांत ही पोरं कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर गाड्या पळवायची, आणि रस्त्यावरही. लोक वैतागले होते, पोलीस मागं लागले होते, हौशी म्हणजे गुंड असं समीकरण झालं होतं. १९५१ साली वॉली पार्क्स या संपादकानं नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. शर्यती रस्त्यावरून ठरावीक पट्टीवर न्यायच्या, आणि पळण्याआधी प्रत्येक गाडी तपासायची. १९५४ साली त्यांची चार जणांची तुकडी एक गाडी आणि मागं ट्रेलर घेऊन गावोगाव फिरली, स्थानिक क्लबांना सुरक्षित शर्यत कशी घ्यायची ते दाखवत. त्या चौघांतला एक जण तर पोलीस खात्यातला होता. तिथं सगळं आलबेल झालं असं मी म्हणत नाही. पण भांडण ‘बंदी की मोकळीक’ यावरून सुटून ‘गाडी तपासली का’ यावर आलं.

आपल्याकडं ते आलेलंच नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीनं मूळ जे ठरवून दिलंय त्यापेक्षा आरसीतला तपशील वेगळा ठरेल असा बदल गाडीत करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ बदललं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मी याच्या सरसकट विरोधात नाही. टायर चासीच्या बाहेर वीतभर आलेल्या, सायलेन्सर काढलेल्या गाड्या मलाही नकोत. पुढचा लोखंडी बंपर पादचाऱ्याचा पाय मोडतो, हे खरंच आहे.

पण हा सगळा कायदा कागद आणि गाडी यांतला फरक मोजतो. गाडी रस्त्यावर सरळ चालते का, हे तो मोजत नाही. माझी जीप घाटात डावीकडं गेली त्या दिवशी ती कागदावर शंभर टक्के ओरिजिनल होती. रंग तोच, टायर तेच, बंपर तोच. कुठल्याही नाक्यावर साहेबांनी सलाम ठोकून सोडली असती. सदोष वाहन चालवल्याबद्दल कलम १९० आहे, माहीत आहे मला. पण दोष शोधायला कुणी खाली वाकलं तर ना!

खासगी गाडीला १५ वर्षं झाली की नोंदणी ५ वर्षांसाठी नव्यानं करावी लागते आणि त्यासाठी गाडी दाखवावी लागते. कारच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० झाली. शिवाय पर्यावरण कर. मी भरले, तक्रार नाही. माझ्या जीपचं पासिंग दुसऱ्या जिल्ह्यातलं. तिथं काय तपासलं? चासी नंबरावर पेन्सिल घासली, दिवे लावून बघितले, हॉर्न वाजवला, वायपर. सात-आठ मिनिटं. एक माणूस गाडीखाली गेला नाही, एक पहार घालून पाटा हलवून बघितला नाही. बुश गेलाय की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. दोन फुटांची पहार, बॅटरी आणि गाडीखाली जायचा खड्डा पुरतो. इंग्लंडात तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी एमओटी तपासणी होते आणि तिथला तपासनीस सस्पेन्शनचे बुश झिजलेत का ते बघतो. जर्मनीत गाडीत बदल केला तर मान्यताप्राप्त तपासनिसाला दाखवायचा, त्याला पटला तर कागदपत्रांत नोंद होते. बदल लपवून ठेवायची गरज उरत नाही.

आपल्याकडं लपवावाच लागतो, म्हणून ती गाडी कधी कुठल्या जाणकाराच्या नजरेखाली येतच नाही. पासिंगच्या दिवशी मित्राकडनं जुने टायर आणायचे, दिवे काढायचे, संध्याकाळी परत लावायचे. सगळ्यांना माहीत आहे. आणि त्या लपवाछपवीत, उंच केलेल्या पाट्यांचे बुश घणानं ठोकलेत का, हे विचारणारा कुणी नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. एवढी फी घेताय, तर पंधरा मिनिटं गाडीखाली जा. ज्याला गाडी बदलायची आहे त्याला पात्र इंजिनिअरच्या सहीची वाट द्या, पैसे घ्या, आरसीवर नोंद करा. जे धोकादायक आहे ते तोंडावर नाकारा. दंड मग ज्यानं दाखवली नाही त्याला लावा, खुशाल दुप्पट लावा.

आणि जीपवाल्या पोरांनो, तुम्हीही जरा ऐका. टायरला साठ-सत्तर हजार घालता आणि बुशच्या मजुरीवर पाचशेची घासाघीस करता. ‘आमचा छंद, आमचा हक्क’ म्हणायचं असेल तर आधी स्वतःच्या गाडीखाली झोपून बघा. फोटोत बुश दिसत नाही, म्हणून त्याच्यावर खर्च होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. राग आला तर येऊ द्या.

खड्ड्यांवर लिहिणार नव्हतो, पण स्पीडब्रेकरचं राहवत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं गोल उंचवटा १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा, म्हणजे गाडी ताशी २५ किलोमीटरनं सुखानं जाते. आमच्या गावच्या वेशीवरचा मी टेपनं मोजला. उंची तेवढीच, पण रुंदी हातभर. दिवसातून चार वेळा ओलांडला तर नवा बुशसुद्धा देवाला हात जोडेल. ग्रामपंचायतीला अर्ज दिलाय. पोच आहे.

मिस्त्रींचं पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. त्याआधी भाच्याच्या जीपचे बुश त्यांच्या देखरेखीखाली बसवायचं ठरलंय, येत्या रविवारी सकाळी आठला. प्रेस त्यांचा, हात पोरांचे. चार-पाच जणांना जागा आहे. कुणाला शिकायचं असेल तर जुने कपडे घालून या. येताना घण आणू नका.